चोर-पोलिसाच्या जोडीची सिरीज लिहायचीय? 'व्हाइट कॉलर' समोर ठेवून पायरीपायरीनं

चोर आणि पोलिसाची जोडी घेऊन काहीतरी लिहायचं म्हटलं की बहुतेक जण आधी चोरीचा प्लॅन लिहायला बसतात. तिजोरी कुठली, अलार्म कसा बंद करायचा, कोण कुठून आत शिरणार वगैरे. आणि दहा-बारा पानं झाली की गाडी अडते, कारण चोरी एकदा झाली की झाली, पुढच्या एपिसोडला परत नवी तिजोरी शोधा, परत नवा अलार्म. माझं तर स्पष्ट मत आहे की या प्रकारात तिजोरी दुय्यम असते. आधी ठरवायचा तो दोघांमधला सौदा. कोण कोणाला काय देतोय, कशाच्या बदल्यात देतोय, आणि सौदा मोडला तर कोणाचं काय जातं. एवढं पक्कं झालं की केस आपोआप सुचत जातात.

हे शिकायला मला सगळ्यात चांगली वाटते ती 'व्हाइट कॉलर'. अमेरिकेत यूएसए नेटवर्कवर 23 ऑक्टोबर 2009 ला सुरू झाली आणि डिसेंबर 2014 मध्ये संपली, 6 सीझन, सगळे मिळून 81 एपिसोड. जेफ ईस्टिननं ती उभी केली. नील कॅफ्री हा देखणा, गोडबोल्या, हातात कला असलेला ठग म्हणजे मॅट बोमर, आणि त्याला पकडणारा एफबीआयचा एजंट पीटर बर्क म्हणजे टिम डीके. गोष्ट न्यूयॉर्कमध्ये घडते. पुढे मी शेवटापर्यंतच्या गोष्टी उघड करणार आहे, तेव्हा ज्यांनी पाहिलेली नाही त्यांनी आधी बघून या आणि मग वाचा, खरंच.

पायरी 1: पहिला एपिसोड दोनदा बघा, दुसऱ्यांदा वही घेऊन

पहिल्यांदा नुसता मजेत बघायचा, काही लिहायचं नाही. दुसऱ्यांदा मात्र प्रत्येक सीनला पॉज करून एकच गोष्ट टिपायची: या सीनच्या सुरुवातीला कोणाचं पारडं जड होतं आणि शेवटी कोणाचं झालं.

सुरुवातच बघा. पीटरची टीम एक तिजोरी उघडतेय आणि लावायचे आकडे निघतात 3-2-4. पीटरच्या लक्षात येतं की फोनच्या बटणांवर 3-2-4 म्हणजे एफ-बी-आय, कोणीतरी आपली वाटच बघत होतं, पण तोवर उशीर झालेला असतो आणि स्फोट होतो. तिथंच कळतं की हा माणूस हुशार आहे पण पलीकडचा त्याच्या एक पाऊल पुढे आहे. म्हणजे त्याला कोणाची तरी गरज आहे. हे कुठल्याही पात्राला तोंडानं सांगावं लागत नाही. मग नील तुरुंगातून पळालाय हे कळतं, तेही 4 वर्षांच्या शिक्षेतले शेवटचे काही महिनेच उरलेले असताना, आणि पळाला कशासाठी तर केट या मैत्रिणीसाठी. पीटर त्याला शोधून काढतो, कारण त्याला आधीही यानंच पकडलेलं असतं. रिकामं घर, रिकामी वाइनची बाटली, नील खाली बसलेला. आणि त्या अवस्थेत सुद्धा तो पीटरच्या कोटावरून एक बारीक धागा उचलतो आणि सांगतो हा कॅनडाच्या नव्या शंभराच्या नोटेतला सुरक्षा-धागा आहे.

हा सीन परत परत बघा. हातात बेड्या पडायच्या बेतात असलेला माणूस एका धाग्यावर सौदा सुरू करतो. स्फोटात उडालेला कचरा कोटावर बसला होता, तोच इथं कामाला आला, म्हणजे पहिल्या सीनमधला स्फोट नुसता धमाका नव्हता. तुमच्या पहिल्या एपिसोडमध्ये असा एक 'धागा' हवाच, जो फक्त चोराला दिसेल आणि फक्त पोलिसाला उपयोगी पडेल.

पायरी 2: सौदा एका पानावर लिहा

ही पायरी गाळू नका, सगळं घर यावर उभं आहे. चार गोष्टी लिहायच्या.

चोराला काय मिळतं? नीलला तुरुंगाबाहेर राहायला मिळतं, आणि मनात केटला शोधायचं असतं. बघा, उघड कारण एक आणि मनातलं कारण दुसरं. दोन्ही हवीत. एकच असेल तर पात्र सपाट होतं.

पोलिसाला काय मिळतं? पीटरला केस सुटायला मदत. पण मनात खोल, ज्याच्यामागे तीन वर्षं धावलो तो हुशार गडी वाया जाऊ नये असंही त्याला वाटतं. हे तो कबूल करत नाही आणि करूही नये, निदान पहिल्या सीझनला तरी.

दोरी कुठली? इथं पायात जीपीएसचा पट्टा आणि दोन मैलांची हद्द. ही दोरी प्रत्यक्ष दिसणारी हवी, नुसती 'आम्ही लक्ष ठेवू' अशी नको. दिसणाऱ्या वस्तूचा फायदा असा की ती कापता येते, फसवता येते, काढून ठेवता येते, आणि प्रेक्षकाला लगेच कळतं की काहीतरी गडबड झाली. जाताजाता, असे पट्टे काही सिरीजवाल्यांनी शोधलेले नाहीत. 1983 मध्ये न्यू मेक्सिकोत जॅक लव्ह नावाच्या न्यायाधीशांनी घरकैदेसाठी असा पट्टा पहिल्यांदा वापरायला लावला, आणि त्यांना कल्पना सुचली होती स्पायडरमॅनच्या कॉमिकमधून.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: मोडला तर काय? नील पळाला तर परत तुरुंग, हे सोपं आहे. पण पीटरचं काय? त्याची नोकरी, नाव, वरिष्ठांचा विश्वास, सगळं पणाला लागलेलं. नवे लेखक नेमकं हेच विसरतात, चोराचं नुकसान भरपूर लिहितात आणि पोलिसाला मोकळं सोडतात. मग तो नुसता रागवणारा हेडमास्तर होऊन बसतो.

आता याच पहिल्या एपिसोडचा शेवट बघा म्हणजे दोरीचा वापर कसा करतात ते कळेल. कर्टिस हेगन नावाचा बनावट बॉन्ड (म्हणजे कर्जरोखे) छापणारा माणूस, टोपणनाव डचमन, गोदामात सगळा माल घेऊन बसलाय. पीटरला आत जाता येत नाही कारण वॉरंट नाही. नील काय करतो? स्वतःच हद्द ओलांडून गोदामात जाऊन बसतो. आता तो फरार कैदी झाला, आणि फरार कैद्याच्या मागावर असलेल्या एजंटला आत शिरता येतं. ज्या पट्ट्यानं तो बांधला गेलाय त्याच पट्ट्यानं केस सुटते. लिहिताना स्वतःला विचारा की माझी दोरी चोराला फक्त अडवते का, की कधीतरी उपयोगीही पडते? दुसरं उत्तर 'हो' यायला पाहिजे.

पायरी 3: कल्पना जुनी आहे म्हणून घाबरू नका

कोणीतरी म्हणणारच, हे तर आधी झालंय. झालंयच. खऱ्या आयुष्यात सुद्धा झालंय. फ्रान्समध्ये व्हिदॉक नावाचा माणूस होता, जन्म 1775, तुरुंगातून पळण्यात पटाईत, आणि पुढे पॅरिसमध्ये गुन्हेगारांना पकडायला गुप्त पोलिसांचं जे पथक उभं राहिलं त्याचा प्रमुख हाच झाला, आणि पथकातही पूर्वी गुन्हे केलेले लोक घेतले. टीव्हीवर 1968 मध्ये एबीसीवर रॉबर्ट वॅग्नरची 'इट टेक्स अ थीफ' आली, त्यातही तुरुंगातला चोर सरकारसाठी चोऱ्या करतो. तेव्हा कल्पना तुमची एकट्याची नसणार, सौदा तुमचा असला म्हणजे झालं.

पायरी 4: पोलीस आधी लिहा

चोर लिहायला मजा येते म्हणून सगळे आधी चोर लिहितात, छान सूट, छान टोपी, छान संवाद, आणि मग उरलेल्या जागेत पोलीस कोंबतात. उलटं करा. पीटर बर्क बघा, साधा सूट, साधी गाडी, सॅचमो नावाचा लॅब्रेडॉर कुत्रा, साधं सँडविच, पण डोकं नीलच्या तोडीचं. त्यानं नीलला पकडलंय, एकदा नाही दोनदा. हे कायम लक्षात ठेवा: पोलिसानं चोराला स्वतःच्या हुशारीनं हरवलेलं असलं पाहिजे, नाहीतर चोराचा शहाणपणा बघून प्रेक्षकाला पोलिसाची कीव येते, आणि कीव आली की जोडी संपली.

पीटरचं आणखी एक सुंदर आहे, त्याचा संसार सुखाचा आहे. बायको एलिझाबेथ, टिफनी थीसननं केलीय, स्वतःचा कार्यक्रम-आयोजनाचा व्यवसाय चालवते, नवऱ्यावर प्रेम करते आणि नीलही तिला आवडतो. गुन्हेगारी सिरीजमधला पोलीस म्हटलं की घटस्फोट, दारू, रात्रभर जागरण हे ठरलेलंच. इथं ते नाही, आणि त्यामुळे एक मोठी गोष्ट साधते: नीलला जे हवंय ते पीटरकडे आहे. घर, भरवशाचं माणूस, रात्री परत जायला एक दार. चोर आयुष्यभर वस्तू चोरत आलाय आणि समोर असा माणूस बसलाय ज्याच्याकडची गोष्ट चोरताच येत नाही. उलट बाजूनं, पहिल्याच एपिसोडमध्ये पीटर लग्नाच्या वाढदिवसाच्या विचारानं गोंधळलेला असतो, ठगाबद्दल सगळं पाठ आणि बायकोला काय आवडतं ते सुचत नाही, आणि नील त्याला त्यावरून बोलतं करतो. म्हणजे शिकवणी दोन्ही बाजूंनी चालू.

पायरी 5: चोराची मोहिनी दाखवायची, सांगायची नाही

'तो खूप चार्मिंग आहे' असं दुसऱ्या पात्राच्या तोंडी घातलं की समजायचं लेखकाला जमलेलं नाही. मोहिनी म्हणजे समोरच्याकडे नीट लक्ष देणं. नीलला राहण्यासाठी महिन्याला 700 डॉलर मिळतात आणि एक भिकार हॉटेल. तो जुन्या कपड्यांच्या दुकानात जातो, तिथं जून नावाची वयस्कर बाई दिवंगत नवऱ्याचे सूट द्यायला आलेली असते. तो त्या कपड्यांचं मनापासून कौतुक करतो, नवऱ्याबद्दल विचारतो, आणि थोड्याच वेळात तिच्या वाड्यासारख्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायलाही जातो, तेही त्याच पैशात. जूनचं काम डायहॅन कॅरलनं केलंय, काय रुबाब आहे त्या बाईंचा! दुसऱ्या दिवशी पीटर तिथं पोचतो तेव्हा त्याचा चेहरा बघा, कायदा कुठंच मोडलेला नाही पण फसवल्यासारखं तर वाटतंय.

तुमच्या चोरासाठी अशा तीन गोष्टी लिहून काढा ज्या त्याला हातानं येतात. बोलण्यातलं नको, हातातलं. सही नक्कल करणं, कुलूप उघडणं, जुना कागद नवा की खरंच जुना हे बोटानं ओळखणं. मग एक गोष्ट जी त्याला अजिबात जमत नाही. नीलला बंदुका आवडत नाहीत, तो हिंसेपासून लांब राहतो, आणि हे फार कामाचं आहे, कारण संकटात त्याला डोकंच चालवावं लागतं.

आणि एक मर्यादा. चोरानं केलेलं नुकसान कोणाला भोगावं लागलं हेही अधूनमधून दिसू द्या. सारा एलिस ही विम्याच्या कंपनीची तपासनीस येते, हिलरी बर्टननं केलीय, ती त्याच्याविरुद्ध कोर्टात साक्ष दिलेली बाई. ती समोर उभी राहिली की त्याच्या हसण्याचा भाव जरा उतरतो. अशी एक व्यक्ती ठेवाच.

पायरी 6: दोघांच्या मागे एकेक माणूस

पीटरमागे एलिझाबेथ, नीलमागे मॉझी. मॉझी म्हणजे विली गार्सन, 2021 मध्ये गेले, त्यांच्याशिवाय ही सिरीज अर्धीच वाटली असती. सरकारवर काडीचा विश्वास नसलेला, प्रत्येक गोष्टीत कट बघणारा, पण दोस्तीला जागणारा. कामाची गोष्ट अशी की ही दोन माणसं आपापल्या गड्याला विरुद्ध दिशेला ओढतात. मॉझी म्हणतो पळ, एलिझाबेथ म्हणते त्याच्यावर विश्वास ठेव. आणि हळूहळू मॉझी एलिझाबेथकडे जेवायला यायला लागतो, तेव्हा सगळी गणितं बिघडतात, छान बिघडतात. ऑफिसमधले डायना आणि जोन्स चांगले आहेत पण त्यांच्यावर मी इथं जास्त वेळ घालवत नाही.

पायरी 7: केस निवडा, रक्त कमी आणि कागद जास्त

'व्हाइट कॉलर' गुन्हा हे नाव 1939 मध्ये एडविन सदरलँड या समाजशास्त्रज्ञांनी वापरात आणलं, म्हणजे प्रतिष्ठित लोकांनी कामधंद्याच्या आडून केलेले गुन्हे. खोटे बॉन्ड, खोटी चित्रं, विमा, वारसाहक्क, लिलाव. या केसेसचा फायदा म्हणजे पुरावा बारीक असतो आणि तो बघायला चोराचाच डोळा लागतो.

संशोधनाला कंटाळू नका, एक खरी गोष्ट एका एपिसोडला पुरते. उदाहरणं देतो. टायटॅनियमचा पांढरा रंग चित्रकारांच्या हातात आला तो 1910 च्या दशकानंतर, तेव्हा त्याआधीची तारीख असलेल्या चित्रात तो सापडला की खेळ खलास. जर्मनीतला वोल्फगांग बेल्ट्राकी याच पांढऱ्यानं अडकला, 2011 मध्ये त्याला शिक्षा झाली. हान व्हान मेगेरन या डच चित्रकारानं फर्मेर या जुन्या डच चित्रकाराच्या नावावर खपवलेली खोटी चित्रं जुनी आणि कडक दिसावीत म्हणून रंगात बेकेलाइट या प्लास्टिकसारखं रसायन मिसळलं आणि त्यातलं एक चित्र थेट नाझी नेता गोरिंगपर्यंत गेलं. वाइनचंही तसंच, अणुचाचण्या 1945 मध्ये सुरू झाल्या आणि तेव्हापासून सीझियम-137 हे किरणोत्सर्गी द्रव्य हवेत मिसळलं, म्हणून अठराव्या शतकातली म्हणून विकलेल्या बाटलीत ते सापडलं तर वाइन नवी. आणि हे बाटली न उघडता मोजता येतं! यावर लिहायला हात शिवशिवतात की नाही?

कायदाही नीट बघा. अमेरिकेत बहुतेक केंद्रीय गुन्ह्यांना 5 वर्षांची मुदत असते, त्यानंतर खटला भरता येत नाही, पण म्युझियममधून मौल्यवान कलावस्तू चोरली तर ती मुदत 20 वर्षं आहे. आता विचार करा, नीलवर संशय डझनभर चोऱ्यांचा पण शिक्षा फक्त बॉन्डच्या बनावटीची. म्हणून तो जुन्या चोऱ्यांबद्दल बोलताना प्रत्येक वाक्य तोलूनमापून बोलतो आणि पीटर प्रत्येक वाक्य ऐकून ठेवतो. कायद्याची एक मुदत, आणि त्यातून शेकडो संवाद निघतात.

पायरी 8: एक एपिसोड हातानं बांधून बघू

नुसतं वाचून उपयोग नाही, म्हणून एक एपिसोड इथंच रचू. खरी ठिणगी: 2005 मध्ये येल विद्यापीठाच्या बायनेकी लायब्ररीत कर्मचाऱ्याला जमिनीवर एक ब्लेड पडलेलं दिसलं आणि दुर्मिळ नकाशे कापून विकणारा एक प्रतिष्ठित व्यापारी पकडला गेला. त्यात एक फार सुंदर प्रकार होता. जुन्या पुस्तकांना कसर लागते, किडा पान पोखरत सरळ पुढच्या पानात जातो, त्यामुळे कापलेल्या नकाशावरची छिद्रं आणि पुस्तकात उरलेल्या शेजारच्या पानांवरची छिद्रं जुळतात. किड्यानं सही करून ठेवल्यासारखंच झालं.

आता आपली जोडी. न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या लायब्ररीतल्या ऍटलसमधून नकाशा गेलाय. पोलीस आणि चोर एका नकाशे विकणाऱ्याच्या दुकानात जातात. भिंतीवर फ्रेममध्ये नकाशा. पोलिसाला तो फक्त छान दिसतो. चोर जवळ जातो, काचेवर बोट न टेकवता डाव्या कोपऱ्यातली तीन बारीक छिद्रं बघतो, आणि गप्प बसतो.

हे गप्प बसणं म्हणजे एपिसोड. का गप्प बसला? कारण दहा वर्षांपूर्वी याच दुकानदाराला त्यानं स्वतः एक नकाशा विकलाय आणि तो पकडला गेला तर बोलेल. आता बघा काय झालं, केस सुटलीय दहाव्या मिनिटाला, फक्त एकालाच माहिती आहे. पुढची अर्धी गोष्ट 'चोर कोण' याची राहिली नाही, 'हा सांगणार का' याची झाली. पोलीस लायब्ररीत एकटाच बसून पानं उलटतो, कर्मचारी त्याला छिद्रांची गोष्ट सांगते, आणि त्याला आठवतं की हा माणूस फ्रेमसमोर जरा जास्तच वेळ उभा होता. तो लगेच जाब विचारत नाही. तो चोराला संध्याकाळी घरी जेवायला बोलावतो आणि टेबलावर ते ऍटलसचं उरलेलं पान ठेवतो. बस. एक शब्द बोलत नाही.

चोरानं काय करावं हे तुम्ही ठरवा, पण तीन वाटा आहेत. सगळं सांगून टाकेल. किंवा दुकानदाराला अडकवेल पण स्वतःचा नकाशा आधी गायब करेल. किंवा अर्धं सांगेल आणि पोलिसाला ते अर्धं आहे हे कळेल. मी तिसरी घेईन. कारण तिसरीत केस सुटते आणि सौद्याला एक चीर पडते, आणि ती चीर पुढच्या एपिसोडला नेता येते.

42-43 मिनिटांच्या एपिसोडसाठी प्रत्येक वेळी हाच कागद भरा: चोराला आधी काय दिसलं, त्यानं ते का दडवलं, पोलिसाला ते कशावरून कळलं, कोणी कोणासाठी कुठला नियम वाकवला, आणि शेवटी दोघांमध्ये काय उरलं. पाचातलं एकही उत्तर कोरं असेल तर लिहायला बसू नका.

पायरी 9: लांबचा धागा, आणि तो कधी तोडायचा

दर आठवड्याच्या केसमागे एक मोठी गोष्ट लागते. 'व्हाइट कॉलर'मध्ये पहिल्या सीझनला केट आणि एक म्युझिक बॉक्स, सीझनच्या शेवटी विमानाचा स्फोट आणि त्यात केट मरते. मला हे फार धाडसाचं वाटतं, ज्या कारणासाठी नीलनं सौदा केला तेच कारण संपवलं, आता तो का थांबेल? हा प्रश्न लेखकांनी स्वतःसमोर ठेवला आणि दुसरा सीझन त्यावर उभा केला.

पण सगळ्यात भारी म्हणजे तिसरा सीझन. बुडालेल्या जर्मन पाणबुडीतला नाझींचा लुटीचा खजिना जळून गेला असं सगळ्यांना वाटतं, प्रत्यक्षात तो मॉझीनं पळवलेला असतो आणि नीलला ते कळतं. पीटरला संशय येतो. आणि तरी दोघं रोज सकाळी शेजारी बसून केस सोडवतात. एकाकडे लपवायला आहे, दुसरा शोधतोय, दोघांनाही दुसऱ्याचं थोडंथोडं माहिती आहे. यात बाहेरचा खलनायक काही काळ नसला तरी चालतं. याच सीझनच्या शेवटी नीलची शिक्षा माफ करायची सुनावणी चालू असते, आणि तेव्हा पीटर त्याला नुसत्या मानेच्या इशाऱ्यानं सांगतो, पळ. ज्या माणसानं त्याला दोनदा पकडलं तोच. हा इशारा सेकंदभराचा आहे पण तो पटायला तीन सीझन लागले. पहिल्या सीझनला हाच इशारा दिला असता तर हसू आलं असतं. तेव्हा तुमच्या पोलिसानं मोठा नियम कधी मोडायचा ते आत्ताच लिहून ठेवा आणि तोवर त्याला फक्त लहान नियम वाकवू द्या.

सावधगिरीही सांगतो, मला आवडती असली तरी. पुढे धागे वाढत गेले, नीलचे वडील, सिनेटर, पीटरवरच खुनाचा आळ, मग त्याला सोडवायला नीलनं केलेली बनवाबनवी आणि त्यावरून परत तेच अविश्वासाचं चक्र. पाचव्या सीझनमध्ये कधीकधी वाटतं की दोघं परत पहिल्या पायरीवर येऊन उभे राहिलेत. जोडी जितकी पुढे गेली तितकी तिला मागे आणू नका. भांडण होऊ दे, पण ते नव्या कारणावरून होऊ दे.

पायरी 10: शेवट आधी लिहा

सहावा सीझन फक्त 6 एपिसोडचा आहे आणि त्यात नील सुरुवातीलाच लेखी करार मागतो, पिंक पँथर्सची टोळी पकडून देतो आणि बदल्यात पूर्ण सुटका. सौद्यावर सुरू झालेली गोष्ट सौद्यावरच संपवली, आणि शेवटी नील मेल्याचं नाटक करतो. पीटर रडतो, आयुष्य पुढे जातं, मूल होतं, आणि वर्षभरानं एका कंटेनरमध्ये त्याला नील जिवंत असल्याच्या खुणा सापडतात आणि तो हसतो. काही जणांना हे क्रूर वाटलं, मित्राला वर्षभर का रडवलं म्हणून. मला पटतं, कारण नीलनं पीटरला पकडायला परत काहीतरी ठेवलं.

शेवट लिहिताना एवढं बघा की सौदा संपल्यावर दोघांना एकमेकांची गरज उरत नाही, फक्त ओढ उरते. ती ओढ दाखवणारा एक सीन, एका पानाचा, दुसरा एपिसोड लिहायच्या आधी लिहून बाजूला ठेवा. बदलेल तो पुढे, बदलू दे, पण दिशा राहील.

पायरी 11: तपासणी

पूर्ण स्क्रिप्ट झाली की पात्रांची नावं पट्टीनं झाका आणि मित्राला नुसते संवाद वाचायला द्या. पोलिसाचा कुठला आणि चोराचा कुठला ते त्याला ओळखता आलं पाहिजे. पीटर थेट विचारतो, नील प्रश्नाला प्रश्नानं उत्तर देतो, मॉझी सगळ्यात लांबचं वळण घेतो, असा प्रत्येकाचा बोलायचा ढंग असतो. जिथं मित्र चुकेल त्या वाक्यांवर खूण करा, आणि तेवढा सीन मोठ्यानं बोलत परत लिहा.